यूएई करारातली ५ टक्के शुल्कमाफी: सोलापूरच्या टॉवेलला मिळते कशी आणि उरते कोणाकडे?

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. भारत-यूएई सेपा करारावर (आयात शुल्क कमी करणारा व्यापार करार) १८ फेब्रुवारी २०२२ ला सह्या झाल्या आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. पेपरात दर दोन महिन्यांनी फोटो येतात: मंत्री गेले, शेख आले, संबंध नव्या उंचीवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाच्या खडखडाटात उभं राहून बघितलं तर त्यातलं काय खाली झिरपतं ते कळत नाही. दुबईचा ग्राहक जुनाच भाव मागतोय आणि वर म्हणतोय, "तुमचा तर आता ड्यूटी फ्री माल आहे ना?"

आजवर माल मुंबईच्या मर्चंट एक्सपोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याचा माल स्वतःच्या नावावर निर्यात करणाऱ्यामार्फत गेला. आता पहिल्यांदा थेट स्वतःच्या नावावर पाठवायचाय. ऑर्डर अशी: हॉटेलचे पांढरे टेरी टॉवेल, ७५ × १५० सेंमी, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), ६,००० नग, जेबेल अली (दुबईचं बंदर) पोहोच भाव नगाला ३.२० डॉलर. सोबत थोड्या जॅकार्ड चादरी सॅम्पल म्हणून.

विचारायचं ते असं. शून्य शुल्कासाठी नेमका कोणता कागद लागतो? चेंबर ऑफ कॉमर्सचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (सीओओ, माल कोणत्या देशाचा याचा दाखला) चालेल का? सूत इथल्याच गिरणीचं आहे, पण शिलाईचा दोरा आणि लेबल कुठलं आहे हे खात्रीने सांगता येत नाही, त्याने अडचण येते का? पैसे दिरहममध्ये घ्यावेत की डॉलरमध्ये? ग्राहक ६० दिवसांची उधारी मागतोय, ती द्यावी का? आणि सगळ्यात मुद्द्याचं: हे ५ टक्के वाचतात ते कोणाचे?

कागदपत्र_न्हावाशेवा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. शुल्क आयातदार भरतो, त्यामुळे वाचतं तेही आयातदाराचं. तुमच्या खात्यात त्यातला रुपया आपोआप येत नाही, भाव ठरवताना तो मागून घ्यावा लागतो. पण कागदावाचून ती सवलत जन्मालाच येत नाही, आणि तो कागद फक्त तुम्ही काढू शकता. तुमच्या हातातली चावी हीच.

चेंबरचं सर्टिफिकेट चालणार नाही. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दोन प्रकारचं असतं. चेंबर साधारण देतं ते नॉन-प्रेफरेन्शियल: माल भारतात बनला एवढंच ते सांगतं, शुल्कात सूट देत नाही. सेपासाठी प्रेफरेन्शियल लागतं, आणि ते डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) ई-सीओओ पोर्टलवरून अर्ज करून अधिकृत एजन्सीकडूनच घ्यावं लागतं. कापडाच्या मालाला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, शिवाय एक्सपोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी आहे. दोन्ही कागदांवर नाव जवळपास सारखंच असल्याने माणूस फसतो. माल जेबेल अलीला पोहोचल्यावर तिथला एजंट फोन करतो आणि तेव्हा कळतं की हा तो कागदच नव्हे.

आता क्रमाने घ्या.

आयईसी (आयात-निर्यात कोड) नसेल तर आधी तो. पॅनवरच निघतो, फी ५०० रुपये. असेल तर तो जिवंत आहे का बघा: दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते, काहीच बदललं नसलं तरी. केलं नाही तर तो निष्क्रिय होतो आणि ते नेमकं शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) भरताना समजतं. मग बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक) न्हावा शेवा बंदरासाठी आइसगेटवर (कस्टमचं पोर्टल) नोंदवा. जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), म्हणजे फॉर्म आरएफडी-११, चालू आर्थिक वर्षाचं आहे ना ते तपासा. गेल्या वर्षीचं एलयूटी दाखवून मार्च संपल्यावर माल काढणारे बरेच आहेत, पुढे जीएसटीच्या नोटिशीला उत्तर देत बसतात. आरसीएमसी (निर्यात परिषदेच्या सदस्यत्वाची नोंद) टेक्स्प्रोसिल (सुती मालाची परिषद) किंवा पीडीएक्ससिलची (यंत्रमागाची परिषद). यंत्रमागाचा माल आहे तर दुसरीही चालते.

मग ई-सीओओवर नोंदणी. डिजिटल सिग्नेचर वापरणार असाल तर ती फर्मच्या नावाची हवी, मालकाच्या वैयक्तिक नावाची आयटी रिटर्नवाली नको. त्यानंतर खर्चाचा तक्ता: सूत, रंग-रसायन, दोरा, लेबल, पॅकिंग, मजुरी, वीज, नफा. प्रत्येक कच्च्या मालापुढे एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि तो माल कुठला, देशी की परदेशी. दोऱ्या-लेबलचा प्रश्न इथेच मिटतो. टॉवेलचं पूर्ण काम सोलापुरात होतंय, म्हणजे एचएस यादीच्या ५२ व्या प्रकरणातलं सूत येऊन ६३ व्या प्रकरणातला टॉवेल बनून बाहेर पडतोय. माग, धुलाई, ब्लीचिंग, कटिंग, शिलाई सगळं इथलं. परदेशी दोऱ्याच्या दोन-चार पैशांनी मूळ बदलत नाही. दोऱ्याचा पुरवठादार सांगू शकत नसेल तर तो सरळ परदेशी धरून लिहा, हिशोब तरीही बसतो. खोटं "देशी" लिहू नका.

अडचण वेगळ्याच मालाला येते. बाहेरून तयार टॉवेल आणून इथे फक्त हेम (कडेची दुमड) मारली, इस्त्री केली, लेबल लावून पिशवीत भरला, तर तो भारतीय ठरत नाही. पॅकिंग, लेबलिंग, इस्त्री ही कामं करारात किरकोळ धरली आहेत. टेरी कापड बाहेरून आणून इथे कापून शिवायचं असेल तर परिशिष्टातला त्या मालाचा नियम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अर्जात इन्व्हॉइस नंबर, सहा अंकी एचएस कोड (कॉटन टेरी टॉवेल: ६३०२.६०), नग, एकूण वजन, खोक्यावरच्या खुणा, बंदर हे सगळं जातं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बी-एल (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि सीओओ, पाचही कागदांवर ते अक्षरशः तेच हवं. "कॉटन टेरी टॉवेल" आणि "टेक्स्टाइल मेड-अप्स" यांचा अर्थ तुमच्या-माझ्यासाठी एक असेल, तिथल्या कस्टमसाठी नाही. पॅकिंगच्या शेवटच्या दिवशी दोन खोकी कमी भरली आणि वजन ३,२४० चं ३,१९० झालं, तर ते पाचही कागदांवर बदलायला हवं. बहुतेकदा चार बदलतात आणि सीओओ तसाच राहतो, कारण तो आधीच काढून ठेवलेला असतो. म्हणून अर्ज स्टफिंग (कंटेनर भरणं) झाल्यावर, पक्क्या पॅकिंग लिस्टवरून करा. निर्यातीनंतर मागाहून काढायचीही सोय आहे, त्यावर तसा शेरा येतो. पण तोवर ग्राहकाने शुल्क भरून माल सोडवलेला असतो आणि मग त्या पैशाच्या मागे धावायचं. पुढच्या ऑर्डरला तो हा विषय काढल्याशिवाय राहत नाही.

माल थेट जायला हवा हीही अट आहे. वाटेत जहाज बदललं तर चालतं, माल कस्टमच्या ताब्यात राहिला आणि त्यावर काही काम झालं नाही एवढंच दिसलं पाहिजे. त्यासाठी न्हावा शेवा ते जेबेल अली असं एकच थ्रू बी-एल घ्या.

एक शेवटची गोष्ट विसराल म्हणून सांगतो. शिपिंग बिलातच आरओएससीटीएल (कापडी मालावरचे केंद्र-राज्याचे कर परत देणारी योजना) आणि ड्रॉबॅक (कच्च्या मालावरच्या शुल्काचा परतावा) दोन्हींचा दावा टाका. ६३ व्या प्रकरणाचे मेड-अप्स (टॉवेल-चादरीसारख्या तयार वस्तू) आरओएससीटीएलमध्ये येतात, इतर मालाच्या आरओडीटीईपी योजनेत नाही. नवख्या एजंटकडून इथे चुकीचा कोड पडतो. एकदा माल गेला की शिपिंग बिल दुरुस्त करायला कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो आणि न्हावा शेव्याला हेलपाटे घालावे लागतात. सोलापूरहून ते काही जवळ नाही.

भावताल

वरचं सगळं बरोबर. आता पैशाकडे येऊ.

६,००० × ३.२० = १९,२०० डॉलर. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला, म्हणजे ७०,५१२ दिरहम. यूएई कस्टम सीआयएफ (विमा आणि भाडं धरून) किमतीवर शुल्क लावतं, सर्वसाधारण दर ५ टक्के: ३,५२५ दिरहम ६० फिल्स. सेपाच्या कागदाने हे शून्य होतं.

व्हॅट मात्र जात नाही. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे आणि तो करारात येत नाही. ग्राहक घासाघीस करताना "अजून ५ टक्के भरतोच की" म्हणेल. तो व्हॅट नोंदणीकृत असेल तर भरलेला व्हॅट त्याला विक्रीवरच्या व्हॅटमधून वळता होतो. शुल्क तसं परत मिळत नाही, तो खरा खर्च. त्यामुळे व्हॅटचं नाव निघालं की शांतपणे विषय शुल्कावर आणा.

शिवाय १०,००० दिरहमच्या वरच्या आयातीला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून इन्व्हॉइस साक्षांकित करावं लागतं, इन्व्हॉइसमागे १५० दिरहम. तो त्याचा खर्च. पण तुम्ही एकाच मालाची तीन इन्व्हॉइस केलीत तर तो तीनदा भरेल आणि तुमच्यावर वैतागेल.

तर नगामागे १६ सेंट वाचतात. मागायचं कसं? "भाव वाढवा" म्हणून मागू नका. कोटेशनमध्ये दोन ओळी द्या: सेपा सर्टिफिकेटसह ३.२८, सर्टिफिकेटशिवाय ३.२०. पहिल्या ओळीत त्याला नग ३.२८ ला पडतो, दुसरीत शुल्क धरून ३.३६ ला. तो हिशोब स्वतः करतो आणि पहिली ओळ घेतो. ८ सेंट तुमचे, ८ त्याचे. ६,००० नगांवर तुमच्या वाट्याला ४८० डॉलर येतात. सर्टिफिकेट, सीएचए (कस्टम एजंट), कुरिअर, धावपळ धरून हे पुरेसं आहे. सगळे १६ मागितलेत तर त्याला तुमच्याकडेच येण्याचं कारण उरत नाही.

करार लागू झाला त्या वर्षी पाकिस्तानी टॉवेलवर ५ टक्के होतं आणि तुर्की टॉवेलवरही, म्हणून तेव्हा थोडं जास्त ताणता येत होतं. तुर्कस्तान आणि यूएई यांचा स्वतःचा सेपा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. हॉटेलच्या जाड टॉवेलमध्ये तुर्कांचं नाव जुनं. भारताचा करार यूएईचा पहिला सेपा होता, पण तो काही शेवटचा नाही. त्यानंतर त्यांनी असे करार एकामागून एक केले. तेव्हा "आम्हालाच सवलत आहे" हे वाक्य आता ग्राहकापुढे वापरू नका, तो हसेल.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

दोन ओळींच्या कोटेशनची युक्ती लगेच उचलतो. ग्राहकाचं गोडाऊन जेबेल अली फ्री झोनमध्ये आहे. म्हणतो अर्धा माल दुबईत विकेन, अर्धा सौदी किंवा आफ्रिकेला जाईल. मग सर्टिफिकेट कोणत्या मालाला लागतं?

कागदपत्र_न्हावाशेवा

फ्री झोनमध्ये माल उतरला तेव्हा शुल्क लागतच नाही, तो मेनलँडला (फ्री झोनबाहेर यूएईत) गेला की लागतं. म्हणजे दुबईत विकायच्या अर्ध्या मालालाच सर्टिफिकेटचा उपयोग. सौदीला गेलेल्या मालाला तिथलं शुल्क लागेल. भारताचा करार यूएईशी आहे, आखातातल्या सगळ्या देशांशी नाही. आफ्रिकेतही तसंच.

म्हणून इन्व्हॉइसच दोन करा, ३,००० आणि ३,००० नगांची, आणि सर्टिफिकेट फक्त पहिलीवर घ्या. एकाच सर्टिफिकेटमधून अर्धा माल सोडवायचा आणि अर्धा पुढे पाठवायचा, यात त्याचा एजंट अडकतो आणि दोष तुमच्या कागदाला मिळतो. आठ सेंटची वाढही मग ३,००० नगांवरच मागा. सर्टिफिकेट दिल्यापासून १२ महिने चालतं, त्यामुळे गोडाऊनमध्ये माल पडून राहिला तरी घाबरायचं कारण नाही. तुमच्याकडचे खर्चाचे तक्ते, सुताची बिलं आणि मागावरचं रजिस्टर मात्र पाच वर्षं जपा. तिथल्या कस्टमने शंका काढली तर पडताळणीचं पत्र भारतातल्या एजन्सीकडे येतं आणि एजन्सी तुमच्या दारात. तेव्हा सुताचं बिल सापडलं नाही तर पुढच्या प्रत्येक कंटेनरवर संशय.

वसुली_आणि_कायदा

उधारी आणि चलनावर सांगतो.

दिरहम की डॉलर: जोखमीच्या दृष्टीने फरक नाही. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. रुपया डॉलरमागे हलला की दिरहममागेही तेवढाच हलतो. फरक पडतो तो बँकेच्या कापाकापीत. दिरहममधून डॉलर आणि डॉलरमधून रुपया अशा दोन उड्यांत दोनदा मार्जिन जातं. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक आणि यूएईच्या मध्यवर्ती बँकेने स्थानिक चलनात व्यवहार करण्याचा करार केला तो याचसाठी. त्याआधारे तुम्ही इन्व्हॉइस दिरहममध्ये किंवा थेट रुपयांतही काढू शकता. रुपयांत काढलं तर हलत्या दराचं ओझं ग्राहकावर जातं आणि तो तेवढी सूट मागतो. पहिल्या ऑर्डरला दिरहम किंवा डॉलरच ठेवा. आपल्या बँकेच्या फॉरेक्स डेस्कला आधी विचारा की दिरहमचा थेट दर देता का. देत नसतील तर दिरहमच्या इन्व्हॉइसला अर्थ नाही.

(थोडं विषयांतर. दुबई-अबुधाबीत एकेकाळी आपला रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही छापल्या होत्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी तो सोडला. दिरहम तर १९७३ चा. आता साठ वर्षांनी पुन्हा रुपयात बिल काढायचं बोलतोय.)

६० दिवस: पहिल्या व्यवहाराला नाही म्हणा. ३० टक्के आगाऊ आणि बाकी बी-एलची प्रत दाखवल्यावर, मूळ बी-एल पैसे आल्यानंतर. ग्राहक तयार नसेल तर साइट एलसी (कागद दाखवताच पैसे द्यायची बँकेची हमी). ६० दिवस द्यायचेच असतील तर माल निघण्यापूर्वी ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या ग्राहकाची पतमर्यादा मंजूर करून घ्या. निघाल्यावर मागितलेलं कव्हर मिळत नाही. छोट्या निर्यातदारांसाठी त्यांची वेगळी पॉलिसी आहे.

दुबईचे व्यापारी पुढच्या तारखेचा चेक देतात आणि इथला माणूस "तिकडे चेक परत गेला की तुरुंग" या ऐकीव गोष्टीवर विसंबून माल सोडतो. ते आता तसं नाही. जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर सरसकट फौजदारी होत नाही. बदल्यात धनकोला परत आलेल्या चेकवरून थेट अंमलबजावणी मागता येते, वेगळा दावा लढावा लागत नाही. वसुलीला हे बरंच बरं आहे, पण त्यासाठी तिथे वकील हवा आणि चेक तुमच्या फर्मच्या नावाचा हवा. ओळखीच्या माणसाच्या नावचा चेक ठेवून घेऊ नका.

आता दोन देशांच्या संबंधातली एक बाजू सांगतो, जी फोटोत दिसत नाही. भारत आणि यूएई यांच्यात न्यायालयीन सहकार्याचा करार १९९९ चा आहे. जानेवारी २०२० मध्ये भारताने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली यूएईला अधिसूचित केलं. अर्थ काय? दुबईच्या दिवाणी कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जणू इथलाच असावा तसा अंमलात आणता येतो. तुमच्या मालात खोट निघाली, ग्राहकाने तिथे दावा लावला, तुम्ही "कोण जातंय दुबईला" म्हणून हजर राहिला नाहीत, तर निकाल तुमच्या मागाच्या शेडपर्यंत पोचू शकतो. तिथलं समन्स आलं की फाइलमध्ये लावून ठेवू नका. आणि इन्व्हॉइसच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या "सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन" वर विसंबू नका. ग्राहकाने सही केलेल्या ऑर्डर कन्फर्मेशनमध्ये वाद कुठे आणि कसा सुटणार हे लिहून घ्या.

पाइल_आणि_वजन

कागद झाले, वकील झाले. आता टॉवेलही बघा जरा!

७५ × १५० म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० ने गुणलं तर ५०६ ग्रॅम. हाच टॉवेल ४३० जीएसएमचा निघाला तर ४८४ ग्रॅम. फरक साडेबावीस ग्रॅम, हाताला कळतही नाही. पण ६,००० नगांवर १३५ किलो सूत कमी, म्हणजे ४.४ टक्के. ग्राहक त्या टक्क्यांचं डेबिट नोट (तेवढी रक्कम कापल्याचा कागद) पाठवतो. दोन सरकारांनी बसून मिळवून दिलेले ५ टक्के तुमच्या वजनकाट्यावर गेले.

आणि हे दरवेळी चोरीमुळे होतं असंही नाही. कारणं साधी असतात.

एक, ओलावा. कापसाच्या मालाचं प्रमाणित वजन ६५ टक्के आर्द्रतेत धरतात, त्यात साधारण ८.५ टक्के ओल गृहीत असते. ऑगस्टमध्ये इथे शेडमध्ये वजन केलं तर टॉवेल हवेतली ओल पिऊन जड झालेला असतो, ४५० भरतो. दुबईच्या एसी गोडाऊनमध्ये तोच ४३५. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात इथे ४३५ दिसतो आणि माणूस घाबरून पाइल (टॉवेलवरचे सुताचे फासे) वाढवतो, सूत फुकट जातं. वजन करायच्या नगांना ठरावीक आर्द्रतेत रात्रभर ठेवा, किंवा सरळ लॅबमधून करून घ्या आणि तो रिपोर्ट कागदांसोबत जोडा.

दोन, वजन कशाचं? कटरने टॉवेलच्या मधून गोल तुकडा काढून मोजला तर फक्त पाइलचा जीएसएम मिळतो. अख्खा टॉवेल तोलून क्षेत्रफळाने भागलं तर पट्टी आणि हेमही त्यात येते, तिथे पाइल नाही. दोन आकड्यांत फरक पडतोच. ग्राहक एक मोजतो, तुम्ही दुसरा. ऑर्डरमध्ये लिहा: "पूर्ण नगाचं वजन ५०६ ग्रॅम, ३ टक्के इकडे-तिकडे". जीएसएम हा शब्द भांडणाचं घर आहे, ग्रॅम लिहिले की भांडण मिटतं.

तीन, धुलाई. हॉटेल टॉवेल रोज कडक गरम पाण्यात जातो. लांबीत आकसला की पहिल्याच धुलाईनंतर १५० चा १४१ होतो. आकसण्याचं माप आधी पाच धुलाया करून घ्या आणि मागावरचं माप त्याप्रमाणे वाढवा.

आणि पावसाळ्यात पाठवणार असाल तर टॉवेल पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिथिनमध्ये बंद करू नका. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, छताला पाणी धरतं आणि वरच्या खोक्यांवर टपकतं. पांढऱ्या टॉवेलवर काळे ठिपके आले की ते निघत नाहीत. ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरच्या भिंतींना टांगा, वरच्या थरावर क्राफ्ट पेपर पसरा, आणि कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दार बंद करून बघा. कुठून उजेड दिसला तर तो कंटेनर परत. ३ टन मालासाठी पूर्ण कंटेनर परवडत नसेल आणि एलसीएलने (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून) जात असेल, तर शेजारी कोणाचा काय माल भरणार हे फॉरवर्डरला विचाराच. मसाला किंवा रबर शेजारी आलं तर टॉवेलला वास लागतो.

भावताल

पाइलवाल्यांनी खरी गोष्ट सांगितली. एक भर घालतो, कारण "करारातून सोलापूरला काय" हा मूळ प्रश्न होता.

यूएईने ९७ टक्क्यांहून जास्त मालप्रकारांवर भारताला सवलत दिली. भारतानेही दिलीच, त्यातलं मोठं देणं म्हणजे सोनं: ठरावीक कोट्यापर्यंत, पहिल्या वर्षी १२० टन आणि पुढे वाढत २०० टनांपर्यंत, एक टक्का कमी शुल्काने. थोडक्यात सोन्याच्या तराजूत एक टक्का दिला आणि टॉवेलच्या तराजूत पाच घेतले. सोनं आणणारे आपला कोटा वापरतात, त्यांची माणसं दिल्लीत बसलेली असतात. टॉवेलवाला पाच टक्क्यांचा कागद न काढता माल पाठवतो आणि करार वाया गेला म्हणतो. आणि मर्चंट एक्सपोर्टरमार्फत पाठवता तेव्हा सर्टिफिकेट त्याच्या नावाने निघतं, त्यासाठी उत्पादक म्हणून तुमची घोषणा तो घेतो. ती सही देताना पुढच्या वेळी त्याच्याकडे वाटा मागा.

जेबेल अलीत भारत मार्ट उभारायची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. भारतीय मालाचं गोडाऊन आणि दुकान एकाच ठिकाणी, अशी कल्पना. छोट्या मागवाल्याला एकट्याने तिथे गाळा परवडणार नाही. पाच-सहा जणांनी मिळून, एकाच वजन-मापाचा माल ठेवून घेतला तरच जमेल. सोलापुरात पाच-सहा मागवाले एका मापावर येतील का, हा प्रश्न मात्र दुबईत सुटणारा नाही.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. ऑर्डर कन्फर्मेशन ग्रॅममध्ये लिहितोय, दोन इन्व्हॉइस करतोय, उधारीला नकार कळवला. आता फक्त चादरी राहिल्या. २० नग जॅकार्ड सोलापुरी चादर सॅम्पल म्हणून त्याच कंटेनरमध्ये टाकू का? एचएस कोड कोणता?

कागदपत्र_न्हावाशेवा

त्याच कंटेनरमध्ये टाका, पण इन्व्हॉइसवर वेगळी ओळ, किंमत टाकून. "फ्री सॅम्पल, नो कमर्शियल व्हॅल्यू" लिहून शून्य किंमत लावू नका. कस्टमला किंमत लागतेच.

कोडचं सांगायचं तर "चादर" या शब्दानेच घोटाळा होतो. अंथरायचं बेडशीट असेल तर ६३०२, पलंगावर टाकायचं बेडस्प्रेड असेल तर ६३०४, पांघरायचं ब्लँकेट असेल तर ६३०१. सोलापुरी चादर लोक तिन्ही कामांना वापरतात, कागदावर एकच काम चालतं. ग्राहक तिकडे ती कशी विकणार आहे ते आधी विचारा. सीएचएकडून कोड पक्का करून घ्या आणि तोच सीओओच्या अर्जात घाला. सर्टिफिकेटवर ६३०४ आणि तिकडच्या बिल ऑफ एंट्रीत ६३०१ असं झालं तर सवलत त्या ओळीपुरती गेली समजा, आणि टॉवेलच्या ओळीकडेही बारीक बघतात.

आणि लेबलवर "सोलापुरी चादर" लिहिणार असाल तर जीआयच्या (भौगोलिक मानांकन) अधिकृत वापरकर्त्यांत तुमचं नाव आहे ना ते बघा. ती नोंद भारतातली आहे. दुबईच्या बाजारात दुसऱ्या कोणी दुसरीकडची चादर "सोलापुरी" म्हणून विकली तर इथल्या जीआयवरून त्याला तिथे अडवता येत नाही, तिथे ट्रेडमार्क वेगळा नोंदवावा लागतो. २० नगांसाठी आत्ता नको, पण पहिली मोठी ऑर्डर आली की कंटेनर निघायच्या आधी तो अर्ज टाका. "मेड इन इंडिया" मात्र आत्ताच, लेबलवरही आणि खोक्यावरही. खोक्यावर राहिलं तर माल तिथे थांबवतात आणि स्टिकर लावायची मजुरी दिरहममध्ये लागते.